मदत हवी आहे: आईच्या रियाजासाठी सूरपेटी बनवतेय, पण सूर टिकत नाही

नमस्कार. मी कॉमर्सची, इलेक्ट्रॉनिक्स कधी शिकले नाही. तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा सोल्डरिंगची काडी हातात धरली. आई रोज पहाटे रियाजाला बसते. तानपुरा जुळवणं आता तिच्या बोटांना झेपत नाही, आणि फोनवर तानपुरा लावला की ऐन आलापात कुणाचा तरी कॉल येतो. म्हणून ठरवलं, एक बटण दाबलं की सूर सुरू होईल अशी पेटी आपणच करायची.

तारेची जवारी, म्हणजे तानपुऱ्याची ती गुंजणारी झार, मला जमणार नाही. मला फक्त तीन स्थिर स्वर हवेत: खर्ज (खालचा सा), मंद्र पंचम आणि मध्य सा. आईची पट्टी काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी). म्हणजे सा 207.65 हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, 103.8, आणि पंचम खर्जाच्या दीडपट, 155.7.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून सीडी40106 ही आयसी आणली. तिच्यात सहा इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारे भाग) असतात, आणि एक रेझिस्टर, एक कपॅसिटर लावला की प्रत्येकाचा ऑसिलेटर, म्हणजे स्वर काढणारं सर्किट होतो. मी तीन वापरले. प्रत्येकाला 0.1 मायक्रोफॅरडचा चॉकलेटी गोल कपॅसिटर आणि 220 किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). उरलेल्या तीन इन्व्हर्टरचे इनपुट ग्राउंडला जोडलेत. पुढे आवाज मोठा करायला एलएम386 ही ॲम्प्लिफायर आयसी आणि 8 ओहमचा छोटा स्पीकर. सगळं एकाच 9 व्होल्टच्या बॅटरीवर.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा अंगावर काटा आला, खरंच. पण अर्ध्या तासात सा सरकतो. पंचमाचा पॉट फिरवला तर सा सुद्धा हलतो. कपॅसिटर बोटांच्या चिमटीत धरला तरी सूर बदलतो! शिवाय फोनवरच्या ट्यूनरची सुई बरोबर मध्यावर असताना आई म्हणाली, "पंचम किंचित उतरलाय." सुईवर विश्वास ठेवू की आईवर? आणि सूर स्थिर कसा करू? मायक्रोकंट्रोलर टाळता आला तर बरं, प्रोग्रामिंग अजिबात येत नाही.

प्रतिसाद

विश्वास आईंवर ठेवा. ट्यूनरची सुई पियानोचा पंचम दाखवते, 155.56. दीडपटीचा पंचम 155.74 येतो. फरक इवलासा आहे, पण खर्जाशी लावून ऐकला तर साधारण तीन सेकंदांनी एक लहर येते. रियाजाचा कान ती पकडतोच.

आता सर्किट. 40106 चा सूर बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो, आणि तुमचा स्पीकर त्याच बॅटरीतून करंट ओढतोय. एकाच चिपमधले ऑसिलेटर एकमेकांनाही ओढतात. आणि तो चॉकलेटी सिरॅमिक कपॅसिटर उष्णतेने बदलतो, चिमटीचा प्रकार त्यातलाच.

माझा सल्ला: तीन ऑसिलेटर ठेवूच नका. एकच ठेवा, 623 हर्ट्झचा, आणि त्याला भागा. 3 ने भागलं की 207.67, 4 ने 155.75, 6 ने 103.8. तुमचे तिन्ही स्वर आले, आणि पंचम आपोआप दीडपटीचा. तो बिघडूच शकत नाही, कारण आता लावायला एकच स्वर उरलाय.

मूळ स्वरासाठी 555 ही टायमर आयसी घ्या, तिच्यावर व्होल्टेजचा परिणाम फार कमी होतो. कपॅसिटर 0.01 मायक्रोफॅरडचा, पण पॉलिस्टरचा. वरचा रेझिस्टर 10 किलोओहम, खालचा 68 किलोओहम आणि त्याच्यापुढे 100 किलोओहमचा पॉट. सा काळी एकपासून वरच्या पांढरी तीनपर्यंत फिरेल.

3 ने भागायला सीडी4017 ही मोजणी करणारी आयसी: सात नंबरची पिन पंधराला जोडा, तेरा नंबर ग्राउंडला, स्वर चौदात द्या आणि तीनमधून घ्या. निम्मा करायला सीडी4013, तिच्यात दोन फ्लिपफ्लॉप असतात, प्रत्येक जण स्वर एकदा निम्मा करतो. 4 साठी दोन आणि 6 साठी 3 च्या पुढे एक, असे तुम्हाला तीन लागतील, म्हणून दोन आयसी आणा. या सगळ्यांना 7805 या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून 5 व्होल्ट द्या, एलएम386 ला मात्र थेट 9. बॅटरीऐवजी अडॅप्टर वापरा. आणि ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायची पाटी) सूर तासभर टिकला तरच सोल्डर करा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

खूप खूप आभार! रविवारी बसून केलं. 4013 च्या सेट आणि रिसेट या पिना ग्राउंडला जोडायच्या राहिल्या होत्या, त्यात अख्खी दुपार गेली. आता पॉट फिरवला की तिन्ही स्वर एकत्र वर-खाली जातात. आज पहाटे आईने पाऊण तास भैरव गायला, सा जागचा हलला नाही.

एकच राहिलंय. आवाज कर्कश आहे, आईला भोंग्यासारखा वाटतो. 10 किलोओहम आणि 0.022 मायक्रोफॅरड लावून वरचा चरचराट कापायचा विचार आहे. तो प्रत्येक स्वराला वेगळा लावायचा, की तिन्ही मिसळल्यावर एकदाच?