स्वयंपाकघराचं काम काढलंय आणि राहायचं याच घरात. कसं निभावायचं?

प्रश्न

पुढच्या सोमवारपासून आमच्या स्वयंपाकघराची फोडाफोड सुरू होतेय. ओटा, फरशी, भिंतीच्या टाइल्स, पाण्याची लाइन, वायरिंग, सगळंच बदलायचं आहे. भिंतीतली लाइन आतून गंजून पाणी झिरपायला लागलं होतं, त्यामुळे काम पुढे ढकलणं शक्यच नव्हतं. ठेकेदार दीड महिना म्हणतोय, मी मनात दोन धरलेत.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे आणि दमाही. इन्सुलिन चालू असल्यामुळे त्यांच्या जेवणाची वेळ चुकवून चालत नाही, आणि बाहेरचं त्यांना सोसत नाही. मी घरूनच काम करते, दुपारभर कॉल असतात. जो तो सांगतोय की काही दिवस दुसरीकडे राहायला जा. पण सासूबाईंची नजर अधू आहे. या घरातली प्रत्येक चौकट, प्रत्येक उंबरा त्यांच्या हातापायांना ठाऊक आहे. नवीन जागी बाथरूममध्ये पडण्याची त्यांना भीती वाटते आणि ती अगदी खरी आहे. त्यामुळे राहायचं इथेच, हे पक्कं.

घराची रचना सांगते. स्वयंपाकघराला दार नाही, कमान आहे, ती थेट बैठकीच्या खोलीत उघडते. पलीकडे दोन झोपायच्या खोल्या. एका खोलीला बाल्कनी आहे, तिथे वॉशिंग मशीनचा नळ आणि पाणी जायची जाळी आहे. सासूबाईंची खोली स्वयंपाकघरापासून सगळ्यात लांब आहे, तेवढं एक बरं.

स्वयंपाक कुठे मांडू? बेडरूममध्ये गॅस ठेवला तर चालेल का? भांडी कुठे घासायची? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे धूळ. ज्यांनी माणसांनी भरलेल्या घरात हे काम काढलंय त्यांनी नीट, तपशिलात सांगा. ‘थोडं ॲडजस्ट करायचं, होऊन जातं’ हे खूप जणांनी सांगून झालंय.

उत्तर १

ताई, मी हे वडील अंथरुणाला खिळलेले असताना केलंय, म्हणून जरा लांबण लावतोय.

शेगडीचा विचार नंतर करा. आधी पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार ते ठरवा. शेगडी कुठेही मांडता येते. पण सिंक गेलं की तांदूळ धुण्यापासून हात धुण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी कुणीतरी उठून बाथरूममध्ये जातं, आणि घर दमतं ते या येरझाऱ्यांनी. त्यातून तुमच्याकडे सासूबाई त्याच बाथरूमच्या भरवशावर आहेत. खरकट्या भांड्यांचं तेलकट पाणी तिथल्या फरशीवर सांडलं तर ज्या भीतीपायी तुम्ही घर सोडत नाही आहात ती याच घरात समोर येईल. बाथरूममध्ये भांडी घासायची नाहीत हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगून ठेवा.

तुमची बाल्कनी हेच तुमचं स्वयंपाकघर. नळ आहे, निचरा आहे, अजून काय हवं? फोडाफोड सुरू व्हायच्या आधी प्लंबरकडून वॉशिंग मशीनच्या नळाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून दुसरी तोटी काढून घ्या. जुन्या ओट्यातलं सिंक फेकू देऊ नका. लोखंडी घोडीवर बसवलं आणि पाइप जाळीत सोडला की उभ्याने भांडी घासता येतात. दीड-दोन महिने वाकून भांडी घासणं कंबरेला परवडत नाही. हे प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण तो एकदा मुख्य कामात अडकला की मिळत नाही, म्हणून आधीच करून घ्या. खरकटं कागदाने पुसून कचऱ्यात टाका आणि मगच भांडं पाण्याखाली धरा. बाल्कनीची जाळी पावसाच्या पाण्यासाठी असते, तेलाने ती लवकर तुंबते.

जागा पुरेल का, ही शंका मनात आली असेल तर एक सांगतो. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं होतं. बाई काम करताना किती पावलं चालते, कशासाठी वाकते, हात कुठवर पुरतो, हे मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती. तुम्हीही बाल्कनीत उभ्या राहून हात फिरवून बघा. डावीकडे सिंक, मधे चिरायला फळी, उजवीकडे शेगडी, आणि रोजची भांडी खांद्याच्या उंचीवरच्या एका फळीवर. बाकी सगळं खोक्यांत.

खोकी भरताना ‘भांडी’, ‘डबे’ असं लिहू नका. ‘रोज’, ‘आठवड्यातून एकदा’ आणि ‘काम संपल्यावर’ असं लिहा. तिसऱ्या प्रकारची खोकी पलंगाखाली गेली तरी काही अडत नाही. बाहेर काय ठेवायचं? कुकर, दोन पातेली, एक कढई, तवा, सुरी, माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला. भांडी कमी असली की ती लगेच घासली जातात.

फ्रिज सासूबाईंच्या खोलीजवळ हलवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं, आणि ते गोठलं तर निकामी होतं, म्हणून बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नका. फ्रिज हलवताना उभाच ठेवा. आडवा करावा लागलाच तर काही तास उभा राहू द्या आणि मग चालू करा. वायरिंगवाला मेन स्विच बंद करणार असेल त्या दिवशी फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद फ्रिज साधारण चार तास आतला गारवा धरून ठेवतो.

स्वयंपाक कामगार यायच्या आधी उरकून घ्या. मात्र सकाळी शिजवलेलं दुपारपर्यंत ओट्यावर झाकून ठेवायची सवय या काळात मोडावी लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत ७० अंशांच्या वर जावं. सासूबाईंसारख्या व्यक्तीच्या बाबतीत तर यात ढिलाई नकोच. निवलं की छोट्या डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवा, जेवायच्या वेळी पुरतं गरम करा.

आणि एक. भांडी घासायची पाळी लावा, मुलाचंही नाव त्यात घाला. सहावीतला मुलगा स्वतःचं ताट घासू शकतो. तुम्ही कॉलवर असताना सासूबाईंना वेळेवर वाढायला कोण उठणार, हे सोमवारच्या आधी नवऱ्याशी बोलून ठरवा. ठरलं नसेल तर ते काम न बोलता तुमच्याकडेच येईल. आमच्या घरात ही पाळी कागदावर लिहून दाराला लावली होती, वडिलांची काळजी त्यामुळेच नीट झाली असं मी मानतो.

प्रश्नकर्ती

किती आधार वाटला वाचून! घोडीवर सिंक ही गोष्ट डोक्यातच आली नव्हती, प्लंबरला आजच फोन करते. गॅसचं मात्र सांगा ना कुणीतरी. बाल्कनीत चालेल का? इंडक्शन घेतलं तर बेडरूममधल्या सॉकेटवर चालेल?

उत्तर २

वायरिंगची कामं करतो, म्हणून एवढ्यापुरतं लिहितो.

सिलेंडर बेडरूममध्ये अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि पलंगाखाली, कपाटाखाली साचून राहतो. बंद खोलीत ज्योत जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही असतो, आणि त्याला वास नसतो. बाल्कनीत ठेवायचा तर सिलेंडर उभाच हवा, पण वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. शिवाय कटर-ग्राइंडरच्या ठिणग्या उडणारं काम तिथे चालणार असेल तर विषयच संपला. माझं मत विचाराल तर रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलेंडर एका बाजूला ठेवा आणि इंडक्शनवर भागवा.

इंडक्शन पूर्ण ताकदीवर २००० वॉटपर्यंत घेतं. वीज २३० व्होल्टची असेल तर ते जवळजवळ ९ अँपिअर झाले. त्याच एक्स्टेंशनवर १५०० वॉटची किटली लावली की १५ अँपिअर. साधी एक्स्टेंशन बोर्डची वायर एवढं सोसत नाही, गुंडाळलेली असेल तर आणखी तापते. एसी किंवा गिझरसाठी जो मोठा पॉइंट असतो त्यावर शेगडी एकटीच लावा. मी तुमच्या घरी आलो असतो तर जुनं वायरिंग तोडण्याआधी बाल्कनीच्या दाराजवळ एक मोठा पॉइंट आधी काढून दिला असता, आणि त्याला ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारं आरसीसीबी असल्याची खात्री केली असती. पाणी आणि वीज एकाच कोपऱ्यात येणार आहेत, हे विसरू नका. शेगडी बाल्कनीत न ठेवता दाराच्या आतल्या बाजूला टेबलावर ठेवलीत तर आणखी चांगलं.

कुकरचं बूड बघून घ्या. चुंबक चिकटला तर तो इंडक्शनवर चालतो.

उत्तर ३

मला स्वतःला दमा आहे आणि मी असं काम चालू असलेल्या घरात राहिले आहे. सासूबाईंसाठी लिहितेय.

तीन प्रकारची धूळ होते. मातीची, लाकडाची आणि दगड-टाइल्स-सिमेंट कापल्याची. शेवटची सर्वांत वाईट, कारण तिच्यात सिलिका असते. तिचे घातक कण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. ओट्याला कृत्रिम क्वार्ट्झचा दगड बसवायचा विचार असेल तर हे जरूर वाचा. त्यात सिलिका नव्वद टक्क्यांहूनही अधिक असू शकते. दगड कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग, होऊ लागला म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदीच घातली. बसवलेला ओटा घरच्यांना त्रास देत नाही, कापणाऱ्याचा जीव मात्र जाऊ शकतो. दगड कुठलाही घ्या, माप देऊन कारखान्यातच पाणी सोडून कापून आणायला सांगा. टाइल्सही बाहेर, पाण्याखाली कापू देत. गवंड्याला मास्क लावायला सांगायला संकोच करू नका, त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

कमानीला छतापासून जमिनीपर्यंत जाड प्लास्टिक लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद, मधे चेन बसवून ये-जा करायला वाट. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा. ही युक्ती मला नुसत्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी उपयोगी पडली. आतली हवा बाहेर ओढली जाते, त्यामुळे घरातली हवा फटीतून स्वयंपाकघराकडे जाते आणि धूळ उलटी घरात येत नाही. प्लास्टिक स्वयंपाकघराच्या बाजूला फुगलेलं दिसलं की समजायचं पंखा काम करतोय.

झाडू बंद. ओल्या फडक्याने पुसायचं, पाणी बदलत. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो. हेपा फिल्टरवाला मिळत असेल तरच वापरा, तो ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो. सासूबाईंच्या दाराखाली ओला टॉवेल ठेवा, कापाकापी चालू असताना दार बंद. काम सुरू होण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा सांगून या. इनहेलर किती वेळा घ्यायचा, धाप वाढली तर काय करायचं, हे आधीच लिहून घेतलेलं असलं की घरात गडबड उडत नाही.

प्रश्नकर्ती

पंख्याचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो खिडकीचं माप घ्यायला उठलाही. क्वार्ट्झच ठरला होता. आता आम्ही पुन्हा विचार करतोय.

ठेकेदाराशी कसं बोलू? तो म्हणतो, ‘वहिनी, तुम्ही काळजी करू नका’, आणि पुढचं काही सांगतच नाही.

उत्तर १

त्याच्याकडे तारखा मागू नका, क्रम मागा. तारीख चुकते आणि वाद होतो, क्रम मात्र त्याला सांगावाच लागतो. सगळी तोडफोड आणि भिंतीतले खाचे सलग, एकाच टप्प्यात. त्यानंतर पाण्याची लाइन, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, मग टाइल्स आणि ओटा, सुतारकाम शेवटी. तोडफोडीच्या आवाजात कॉल घेणं जमणार नाही. १०० डेसिबलच्या आसपासचा आवाज पाव तासाहून जास्त ऐकणंही कानाला घातक मानलं जातं. त्या दिवसांत तुम्ही बाहेर बसून काम करता येईल असं बघा आणि नवऱ्याला घरी थांबू द्या.

चार गोष्टी लिहून घ्या. पाणी किंवा वीज बंद करायची तर आदल्या संध्याकाळी सांगायचं. राडारोडा रोज उचलायचा. बैठकीच्या खोलीतल्या वाटेवर काहीही ठेवायचं नाही, सिमेंटची गोणीसुद्धा नाही, कारण सासूबाई त्या वाटेने भिंतीला हात लावून चालतात. आणि कामगारांनी हात-पाय धुवायला सासूबाईंचं बाथरूम वापरायचं नाही, त्यांच्यासाठी वेगळी सोय तुम्ही करून द्यायची. ठेकेदाराला एकदा सासूबाईंना भेटवा. त्यांना कसं चालावं लागतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं की वाट मोकळी ठेवायला दहादा सांगावं लागत नाही.

उत्तर ३

एक राहिलं. नव्या कपाटांच्या प्लायवूडमधून फॉर्मल्डिहाइड सुटतो, त्याने दमा चाळवतो. हा वायू कमी सोडणारा प्लाय, निदान ई-१ दर्जाचा, मागून घ्या आणि कडा उघड्या ठेवू देऊ नका. सुतारकाम झाल्यावर लगेच सामान लावू नका. सगळी दारं उघडी टाकून, खिडकीतला तोच पंखा आणखी काही दिवस चालू ठेवा आणि तोवर बाल्कनीतलं सिंक काढू नका.