आयल ऑफ मॅन टीटी : पाहणाऱ्यांच्या उत्साहावर काही जबाबदारी येते का?

दूरचा प्रेक्षक (मूळ मांडणी)

आयरिश समुद्रातल्या आयल ऑफ मॅन या बेटावर दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला टूरिस्ट ट्रॉफी, म्हणजेच टीटी, ही मोटारसायकलींची शर्यत होते. एक फेरी सुमारे 60.7 किलोमीटरची, वळणे दोनशेहून अधिक, आणि रस्ता एरवी लोकांच्या रोजच्या वापरातला. त्यामुळे दगडी भिंती, घरांची फाटके आणि विजेचे खांब शर्यतीच्या दिवशीही जिथल्या तिथेच असतात. 1911 पासून वापरात असलेल्या या पर्वतमार्गावर टीटी आणि त्याच मार्गावर होणारी मँक्स ग्रां प्री या स्पर्धा मिळून 260 हून अधिक स्पर्धकांचा मृत्यू झाला आहे. 2022 च्या एकाच टीटीत सहा जण गेले आणि त्यांत एकाच साइडकारवरचे (बाजूला तिसरे चाक जोडलेल्या, दोघांच्या मोटारसायकलवरचे) वडील आणि मुलगा होते. त्याच वर्षापासून या शर्यतींचे थेट प्रक्षेपण पैसे भरून जगभर पाहता येऊ लागले, म्हणून हा प्रश्न पुण्या-कोल्हापुरात बसून पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनाही लागू होतो.

रायडरने जीव धोक्यात घालावा की नाही हे त्याने ठरवावे. मला विचारायचे आहे ते आपल्या उत्साहाविषयी. 1972 साली पावसात गिल्बेर्तो पार्लोत्ती हा रायडर पडून मरण पावला, तेव्हा त्याचा मित्र ज्याकोमो आगोस्तिनी, ज्याने दहा टीटी जिंकल्या होत्या, याने इथे पुन्हा न उतरण्याचे ठरवले. इतर आघाडीच्या रायडरांनीही पाठ फिरवली, 1976 नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा गेला आणि 1977 पासून ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त ट्रॅकवर होऊ लागली. खेळातल्या श्रेष्ठांचा कौल स्पष्ट होता. तरीही शर्यत टिकली, कारण गर्दी टिकली. 1978 मध्ये दिग्गज रायडर माइक हेलवूड अकरा वर्षांनी परतून डुकाटीवर जिंकला, तेव्हा तो सोहळा पाहायला बेटावर लोक लोटले होते.

मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण मात्र उत्तर आयर्लंडच्या नॉर्थ वेस्ट 200 या शर्यतीचे आहे. मे 2008 मध्ये तिथे सरावात रायडर रॉबर्ट डनलॉप मरण पावला आणि दोनच दिवसांनी त्याचा मुलगा मायकेल त्याच रस्त्यावर 250 सीसीची शर्यत जिंकला. त्या विजयाची आठवण चाहते आजही भारावून काढतात. एका तरुणाच्या ताज्या दुःखाला आपण शौर्यगाथा केले आणि त्याने त्या दिवशी घरी थांबणे अधिक बरे झाले असते का, हा प्रश्न विचारण्याची जागाच ठेवली नाही. तो मायकेल पुढे आपल्या काकांचा, जोई डनलॉपचा, 26 टीटी विजयांचा विक्रम मोडून पुढे गेला. त्याचा भाऊ विल्यम 2018 मध्ये डब्लिनजवळच्या स्केरीजच्या सरावात गेला. आणि स्वतः जोई 2000 साली एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये. एका घरातली इतकी माणसे गेल्यावर टाळ्या वाजवणाऱ्याने स्वतःला काही विचारायला हवे, असे मला वाटते.

लिव्हरपूलकर

तुमची कळकळ पोचली, तरी निष्कर्ष पटत नाही. मी लिव्हरपूलमध्ये राहतो आणि बोटीने बेटावर जाऊन शर्यत पाहतो, त्यामुळे ‘गर्दी’ हा शब्द तुम्ही ज्या लोकांसाठी वापरता ते मला जवळून माहीत आहेत. ब्रॅडनच्या चर्चच्या आवारात स्वयंसेवक चहा आणि केक विकत असतात, शेजारचे आजोबा कानाला रेडिओ लावून प्रत्येक रायडरची वेळ वहीत लिहीत असतात, आणि शर्यत थांबवण्याचा लाल झेंडा लागला की बोलणे थांबते. काय झाले हे कळेपर्यंत तिथे जी शांतता असते, ती मृत्यूचा तमाशा पाहायला आलेल्यांची नसते.

ही शर्यत त्या बेटावर बाहेरून लादलेली नाही, हेही लक्षात घ्यावे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये वेगमर्यादा ताशी 20 मैल होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करायला संसद तयार नव्हती. बेटाचे विधिमंडळ टिनवाल्ड याने मात्र 1904 मध्ये मोटारगाड्यांच्या निवड-चाचणीसाठी तसा कायदा केला आणि 1907 मध्ये पहिली टीटी झाली. रस्त्यावर उभे राहून देखरेख करणारे आणि अपघात झाल्यास मदतीला धावणारे मार्शल प्रामुख्याने स्वयंसेवकच असतात आणि एका सत्रासाठी असे शेकडो लोक लागतात. मार्गावरच्या वैद्यकीय साहित्यासाठी चाहते वर्षानुवर्षे देणग्या देत आले आहेत. 2023 च्या आरंभी विम्याचा हप्ता न परवडल्याने उत्तर आयर्लंडमधल्या शर्यती रद्द झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि नॉर्थ वेस्ट 200 त्या वर्षी झाली. हा उत्साह बेजबाबदार आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आणि मायकेल डनलॉपविषयी : आयोजक त्याला थांबवू पाहत होते, उतरण्याचा आग्रह त्याचा होता. त्याचे दुःख त्याने कसे वाहावे हे प्रेक्षकांनी ठरवले नाही आणि आपणही ठरवू नये.

दूरचा प्रेक्षक

वर्गणीचे उदाहरण तुम्ही शर्यतीच्या बाजूने दिलेत, पण मला ते माझ्या मुद्द्याचे वाटते. विमा कंपनीने धोक्याची किंमत सांगितली, ती परवडणारी नव्हती, आणि ती चाहत्यांनी भरून दिली. तेव्हा जे पुढे घडते त्यात पैसे देणाऱ्यांचा वाटा नाही, असे कसे म्हणता येईल? शिवाय संमतीची बाब रायडरपुरती मर्यादित राहत नाही. 2007 मध्ये, टीटीच्या शताब्दीच्या वर्षी, सीनियर टीटी या आठवड्यातल्या सर्वांत मानाच्या शर्यतीत सव्विसाव्या मैलाजवळ एका अपघातात रायडरबरोबर दोन प्रेक्षकही मरण पावले आणि दोन मार्शल जखमी झाले.

घाटमाथा

2022 पर्यंत टीटीच्या दिवसांत ‘मॅड संडे’ असायचा, म्हणजे शर्यत नसलेल्या रविवारी पाहुणे आपापल्या गाड्या घेऊन त्याच डोंगराच्या रस्त्यावर सुटायचे. बेटावर वस्तीबाहेरच्या बऱ्याच रस्त्यांना सरसकट वेगमर्यादा नाही, तरी टीटीच्या काळात डोंगराचा रस्ता निदान एकेरी केलेला असतो. आमच्या ताम्हिणीच्या रस्त्यावर समोरून एसटी, पर्यटकांच्या गाड्या आणि गुरे येतात, आणि हेल्मेटवर कॅमेरा लावलेली मुले टीटीच्या चित्रफिती पाहून तोच थरार उतरवू पाहतात. लिव्हरपूलकर ज्या जाणत्या प्रेक्षकांबद्दल सांगतात ते तिथे असतीलच. इथे पोचतो तो फक्त वेग. लाल झेंड्यानंतरची शांतता त्या चित्रफितींत नसते.

सातवा थर

महाराष्ट्राचा उल्लेख आलाच आहे, तर दहीहंडीचा वाद आठवावा. बक्षिसाची रक्कम आणि थरांची संख्या एकमेकांना वर ढकलत गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये वीस फुटांची मर्यादा घातली. पुढे 2017 मध्ये उंचीचे बंधन गेले, पण चौदा वर्षांखालील मुलांना मनाई राहिली. बंदी आणि मोकळीक यांच्यामध्येही जागा असते, हे त्यातून दिसते.

टीटीमध्येही तशी जागा शोधावी. 1907 मध्ये एकाच सिलिंडरच्या इंजिनांच्या वर्गातल्या विजेत्याचा सरासरी वेग ताशी सुमारे 61 किलोमीटर होता. 1957 मध्ये बॉब मॅकिंटायरने पर्वतमार्गावर प्रथमच ताशी 100 मैलांची, म्हणजे सुमारे 161 किलोमीटरची फेरी मारली. 2023 मध्ये पीटर हिकमनने हजार सीसीच्या गाडीवर 136.358 मैलांची, म्हणजे सुमारे 219 किलोमीटरची फेरी नोंदवली. डांबर सुधारले, काही वळणे रुंद झाली, पण गावे आणि भिंती तिथेच आहेत. हजार सीसीचा वर्ग बंद करून 600 सीसीवर थांबले तर काय बिघडेल? त्याच वर्षी मायकेल डनलॉपने सुपरस्पोर्टमध्ये, म्हणजे 600 सीसीच्या वर्गात, 130 मैलांहून अधिक सरासरीची फेरी मारली. रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाला हा सहा मैलांचा फरक डोळ्यांनी कळणारही नाही, म्हणजे त्याच्या आनंदात काही उणे येणार नाही.

लिव्हरपूलकर

हा प्रस्ताव ऐकायला समंजस वाटतो, पण 2022 च्या मृत्यूंकडे नीट पाहावे. त्या सहांपैकी चार जण साइडकारवर होते आणि एक जण सुपरस्पोर्ट शर्यतीत गेला. म्हणजे जी इंजिने तुम्ही सुरक्षित म्हणून ठेवू इच्छिता, त्यांच्याच वर्गांत हे घडले. 210 किलोमीटरच्या सरासरीनेही भिंत तितकीच कठीण असते. प्रत्यक्षात उपयोगी पडलेल्या गोष्टी कमी दिखाऊ आहेत : दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेकाला सोडणे, नवख्यांना आधी अनुभवी मार्शलच्या मागे नियंत्रित वेगात फेरी मारायला लावणे, धोक्याच्या जागी प्रेक्षकांना मज्जाव करणे, आणि वारा किंवा धुके असेल तर शर्यत न घेणे. 2025 मध्ये सीनियर टीटी वाऱ्यामुळे रद्द झाली. लांबून आलेले लोक निराश झाले, पण निर्णय योग्य होता असेच माझ्या आसपासचे बहुतेक जण म्हणत होते.

दूरचा प्रेक्षक

लिव्हरपूलकरांच्या या उत्तराने माझी अस्वस्थता वाढली आहे. इंजिन लहान करून भागत नसेल, आणि भिंती हलवता येत नसतील, तर धोका त्या रस्त्यातच आहे आणि आपल्याला आवडणारी गोष्टही तोच रस्ता आहे. बंदिस्त ट्रॅकवर याहून वेगवान गाड्या धावतात, पण टीटीच्या चाहत्याला त्याने समाधान मिळत नाही. त्याला गावातल्या रस्त्यावरून जाणारा रायडर हवा असतो. मलाही तोच हवा असतो, म्हणून तर हे लिहितो आहे.

लिव्हरपूलकर

इथवर आपण एकमेकांच्या बरेच जवळ आलो आहोत, पण मी शेवट वेगळा करतो. पुरेसे मार्शल नसतील तर सत्र सुरूच करता येत नाही, आणि ते कमी पडतात म्हणून आयोजकांना वारंवार आवाहन करावे लागते. म्हणजे ही शर्यत चालू ठेवायची की नाही, याचा एक मोठा भाग खरोखरच चाहत्यांच्या हातात आहे. तुम्ही प्रक्षेपणाचे पैसे भरणे थांबवलेत तर मी त्याला दोष देणार नाही. मी मात्र यंदा मार्शलच्या प्रशिक्षणासाठी नाव देणार आहे, कारण पाहायचेच असेल तर पडलेल्या माणसापाशी सर्वांत आधी पोचणाऱ्यांत असावे असे मला वाटते.

दूरचा प्रेक्षक

त्या कामाबद्दल मला आदर आहे. तरीही तुम्ही तिथे उभे राहिलात म्हणूनच ते सत्र सुरू होईल, ही गोष्ट प्रशिक्षणाचा अर्ज भरताना तुम्ही नजरेआड करू नये, एवढीच विनंती आहे.