मदत हवी आहे: ६५० विकू की ठेवू? रविवारच्या आत ठरवायचंय

त्र्यंबकरोड
नमस्कार मंडळी. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० मोटारसायकल आहे, २०१९ची, एकहाती, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. घरात बाळ आलंय आणि सगळंच बदललंय. गिऱ्हाईक तयार आहे, भाव मनासारखा देतोय, रविवारी येऊन गाडी घेऊन जातो म्हणतो. विकून त्याच कंपनीची लहान क्लासिक ३५० घ्यावी, की आहे तीच ठेवावी? ज्यांच्यावर ही वेळ येऊन गेलीय त्यांनी सांगावं. ‘मनाला विचारा’ असं कृपया नको. लवकर उत्तरं आली तर फार बरं होईल.

पिस्टन
अजिबात विकू नका! ६४८ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ४७ बीएचपी (अश्वशक्ती). त्यावरून उतरून क्लासिकच्या २० बीएचपीवर बसणार? कसारा चढताना पुढे ट्रक असला की कळेल. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागतो, आधी उपकर धरून ३१ होता. ३५०पर्यंतच्या १८ टक्क्यांवर आल्या. म्हणजे ३५० कधीही घेता येईल, पण ६५० एकदा गेली की परत घेणं जड जाईल.

घाटमाथा
धागाकर्ते, माहिती फारच कमी दिलीय. बाळ किती महिन्यांचं? कर्ज आहे का? घरात दुसरी गाडी आहे का? गाडी रोज वापरता की सुट्टीच्या दिवशी? वहिनींचं काय म्हणणं आहे? आणि मुख्य म्हणजे त्रास नक्की कशाचा होतोय: पैशाचा, वजनाचा की वेळेचा? त्यावर उत्तर अवलंबून आहे.

त्र्यंबकरोड
बाळ सात महिन्यांचं. गाडीचं कर्ज फिटलंय. ऑफिसला स्कूटर नेतो. बाकीच्याचा इथे काय संबंध ते कळलं नाही. प्रश्न एवढाच आहे, ६५० की ३५०?

यझ्दीवाला
माझं ऐका, गाडी ठेवा आणि बाळालाही हळूहळू सवय लावा. आमच्या यझ्दी रोडकिंगवर थोरला टाकीवर पुढे, धाकटा आईच्या मांडीवर, असे आम्ही सिन्नरहून वणीला जायचो. एकच दांडा, त्यानेच किक मारायची आणि तोच पुढे पाडून गिअर टाकायचे. आवाज दोन गल्ल्या आधी घरी पोचायचा. बाळंतपण झालं म्हणून गाडी विकायची असं आमच्यात कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मंजिरी_ठाणे
काका, तुमच्या आठवणींचा मान राखून सांगते, हा सल्ला देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८नुसार दुचाकीवर चालकाच्या मागे एकच माणूस बसू शकतो. आणि ४ वर्षांखालच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२२मध्ये नियम आला, तो २०२३पासून लागू आहे: मूल चालकाला बांधणारा पट्टा, ९ महिन्यांपासून पुढे मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४०च्या आत. सात महिन्यांच्या बाळाची मान असे झटके सोसण्याइतकी बळकट नसते. टाकीवर बसवलं आणि करकचून ब्रेक लागला तर ते थेट हँडलवर आपटतं.

यझ्दीवाला
ताई, गावाकडे आजही सगळे नेतात. पोलिसही काही म्हणत नाहीत.

मंजिरी_ठाणे
पोलिसांनी अडवलं नाही म्हणून बाळाला लागायचं थांबत नाही, काका. मी अपघात विभागात नर्स आहे, म्हणून कळकळीने लिहितेय.

ट्यूबलेस_तात्या
एक महत्त्वाची गोष्ट कुणीच बोललं नाही. २०१९च्या इंटरसेप्टरला तारांची चाकं आणि ट्यूब आहे. घाटात पंक्चर झालं तर चाक उतरवून ट्यूब काढावी लागते, रस्त्याकडेचा पंक्चरवाला या गाडीला हात लावेलच असं नाही. २०२३पासून काही रंगांत कंपनीचेच अलॉय, म्हणजे बिनतारांची ट्यूबलेस चाकं, मिळतात. आधी चाकांचं बघा, बाकीचं नंतर.

घाटमाथा
तात्या, त्यांचा प्रश्न चाकांचा नाही.
धागाकर्ते, वजन जड जातं म्हणून ३५० घेत असाल तर आधी आकडे बघा. इंटरसेप्टर पेट्रोलसकट २१८ किलो, क्लासिक ३५० १९५ किलो. फरक २३ किलोंचा. ताकद मात्र निम्म्याहून कमी होते. म्हणून परत विचारतो, अडचण कुठे येतेय? गाडी लावता कुठे?

त्र्यंबकरोड
बरं, सगळंच लिहितो.

बाळ झाल्यावर आई सिन्नरहून आमच्याकडे राहायला आली. जुनी जागा पुरेना म्हणून पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतला, त्याचा हप्ता सुरू झाला. पार्किंग तळघरात, उतार चांगलाच तीव्र. वर टँकर रिकामा होतो तेव्हा पाणी त्याच उतारावरून वाहतं आणि गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरतं. तिथे पुढचा ब्रेक दाबून, दोन्ही पाय रोवून एवढी गाडी तोलून धरायची आणि वरून येणाऱ्या कारला वाट द्यायची. पूर्वी याचं काही वाटायचं नाही. आता रात्री बाळ तीनदा उठतं, झोप पुरी होत नाही, आणि त्या उतारावर हात थरथरतात.

हे एक झालं. दुसरं आईचं. माझा सख्खा मामा सिन्नर-घोटी रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला, मी तेव्हा शाळेत होतो. मी गाडी घेतली तेव्हा आई गावी होती, तिला रोज दिसत नव्हतं. आता मी पहाटे निघालो की ती उठून बसते ती मी परत येईपर्यंत. चहाही घेत नाही. एक शब्द बोलत नाही, हेच जास्त लागतं.

बायको विकू नको म्हणते. पण रविवारी पहाटे निघून दुपारी जेवायला उगवायचं, हे आता चालणार नाही असंही म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. बाळंतपणापासून तिला स्वतःसाठी एक सकाळ मिळालेली नाही.

म्हणून वाटलं, लहान गाडी घेतली की सगळ्यांचंच समाधान होईल.

मंजिरी_ठाणे
हे आधीच लिहायला हवं होतंत. भाऊ, तुमची आई ३५० बाहेर काढलीत तरी जागीच बसेल. त्यांना सीसी कळत नाहीत, मुलगा मोटारसायकलवर गेलाय एवढंच कळतं. त्यांच्यासाठी विकायची असेल तर मोटारसायकलच सोडावी लागेल. तो निर्णय तुमचा, पण ३५०ने तो प्रश्न सुटत नाही. निघण्याआधी कुठे जातोय आणि किती वाजता येणार ते त्यांना सांगा. पोचलात की फोन, निघालात की फोन. आणि सांगितलेली वेळ चुकवू नका.

पिस्टन
मंजिरीताईंशी शंभर टक्के सहमत. झोप झालेली नसेल त्या दिवशी मात्र गाडी काढू नका, हे मी विकण्याच्या विरोधात असूनही सांगतो.

वकील_धुळे
एक प्रश्न राहिला. गिऱ्हाईक कुठलं?

त्र्यंबकरोड
वापीचं. पैसे रोख देतो म्हणतो, कागदांवर सह्या करून ठेवा, ट्रान्सफर सावकाश करू म्हणतो. यात काही अडचण आहे का?

वकील_धुळे
मोठी अडचण आहे. गाडी एमएच १५, खरेदीदार गुजरातचा. आधी नाशिक आरटीओकडून नमुना २८ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागेल, सोबत मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३०. कर्ज फिटलंय म्हणता, पण आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बँकेचा बोजा नमुना ३५ देऊन उतरवला का? बरेच जण हप्ते संपले की तो विषय विसरतात.

कोऱ्या नमुन्यांवर सही करून गाडी देऊ नका. नाव बदललं नाही तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हे स्पष्ट केलंय: गाडी विकून ताबा दिला तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते. उद्या तिकडे त्या गाडीखाली कुणी आलं तर नोटीस तुमच्या पाथर्डी फाट्याच्या पत्त्यावर येईल.

विकलीत तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र घ्या, तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला वापरता येतं. ठेवलीत तर पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांच्या वर खंड पडू देऊ नका, बोनस जातो. २०१९ला मिळालेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा केव्हाच संपलाय, तो नंतर भरला आहे ना तेही बघा.

त्र्यंबकरोड
थर्ड पार्टी भरलेला आहे. बोजाचं आज बघितलं, आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे. उद्या बँकेत जातो. वकीलसाहेब, मनापासून आभार.

वापीवाल्याला फोन करून सांगितलं, एनओसी आधी, गाडी नंतर. तो म्हणाला एवढी वाट बघणार नाही. रविवारचं रद्द.

ट्यूबलेस_तात्या
चांगलं झालं. आता चाकं बदलून घ्या.

साधना_नगर
मुलं लहान असताना आमच्या ह्यांनी गाडी माझ्या भावाच्या गोडाऊनला ठेवली होती, जमिनीच्या पातळीवर. विकली नाही, घरातही आणली नाही. तुमचं कुणी ओळखीचं नाही का, तळमजल्यावर जागा असलेलं? तो उतार काही सुधारणार नाही.

त्र्यंबकरोड
साधनाताई, मेहुण्याचं इंदिरानगरला दुकान आहे, मागे शटरची जागा आहे. हे सुचलंच नव्हतं. त्याच्याशी बोललो, तो हो म्हणाला. बायकोशीही ठरलं: एक रविवार माझा, नऊच्या आत घरी, आणि पुढचा रविवार तिचा, त्या दिवशी बाळ माझ्याकडे. आईला काल रस्ता सांगितला, त्र्यंबकपर्यंतच जाणार म्हणालो. तिने विचारलं, ‘पाऊस असला तर?’ नाही जाणार म्हटलं. सध्या तरी विकत नाही.

आता एक सांगा, पंधरा-पंधरा दिवस गाडी उभी राहणार. टाकी भरून ठेवू की रिकामी?

पिस्टन
भरून. रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा धरतो आणि आतून गंज येतो.

यझ्दीवाला
रिकामी ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, तेच पाणी ओढतं.

घाटमाथा
पंधरा दिवसांसाठी भरूनच ठेवा. टाकी गच्च असली की आत हवा कमी, म्हणजे ओलावाही कमी. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर काकांचा मुद्दा विचारात घ्यायला हवा. मेन स्टँडवर लावा, या गाडीला तो येतोच. जास्त दिवस जाणार असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आणि दुकानाच्या मागे धान्याची पोती असतील तर उंदरांचा बंदोबस्त आधी करा, वायरिंग कुरतडतात.

त्र्यंबकरोड
किराणा दुकानच आहे. उद्याच बघतो.