बर्मी पडद्यावर दोन स्त्रियांचे प्रेम रुग्णशय्येवरच का भेटावे?

अबोली (धागालेखिका)

ना जी यांच्या 'व्हॉट हॅपन्ड टू द वुल्फ?' (२०२१) या बर्मी चित्रपटात दुर्धर आजाराने ग्रासलेल्या दोन स्त्रिया एकमेकींच्या प्रेमात पडतात. एइंद्रा चॉ झिन आणि पाइंग फ्यो थू यांनी भूमिका उत्तम केल्या आहेत, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप मांडणीला आहे. ज्या चित्रपटसृष्टीत समलिंगी किंवा पारलिंगी पात्र म्हणजे रंगभूषाकार, नखरे आणि प्रेक्षकांचा हशा, एवढेच ठरलेले होते, तिथे हे प्रेम गांभीर्याने दाखवायचे ठरले आणि त्याच वेळी मृत्यूला त्यांच्या उशाशी आणून बसवले. हसायचे नसेल तर हळहळायचे. प्रेक्षकाला तिसरी वाट ठेवलेलीच नाही.

ही हळहळ म्यानमारमध्ये निरुपद्रवी नाही. गेल्या जन्मी व्यभिचार केला म्हणून या जन्मी असे शरीर किंवा असे मन वाट्याला आले, ही समजूत तिथल्या बौद्ध समाजात खोलवर मुरलेली आहे, त्यामुळे दयेच्या पोटातच ठपका असतो. मनाच्या दुखण्यालाही तोच न्याय लागतो. १३ ऑक्टोबर १९२० रोजी प्रदर्शित झालेला पहिला बर्मी मूकपट दारू आणि जुगार यांनी उद्ध्वस्त झालेल्या माणसाची कथा सांगत होता. व्यसनी माणसाकडे दुखणेकरी म्हणून पाहायचे की पापी म्हणून, हा प्रश्न त्या सृष्टीच्या जन्मापासून तिच्यासमोर उभा आहे.

खिडकी

अबोली, आपला आक्षेप कळतो, परंतु तो ६ सप्टेंबर २०१८ नंतरच्या भारतात बसून घेतलेला आहे. त्या दिवशी आपल्याकडे ज्या कलम ३७७ चे दात सर्वोच्च न्यायालयाने काढले, तेच इंग्रजांनी दिलेले कलम म्यानमारमध्ये अजून शाबूत आहे. त्याच्या जोडीला १८९९ च्या रंगून पोलीस कायद्याची परंपरा आहे: सूर्यास्तानंतर तोंड झाकून किंवा वेष पालटून फिरणाऱ्याला पोलिसांनी उचलावे, अशी तरतूद. केस मोकळे सोडून घरी निघालेल्या पारलिंगी स्त्रीला रस्त्यात अडवायला तेवढी पुरते.

अशा देशात, सेन्सॉरच्या टेबलावरून जाणाऱ्या पटकथेत, आजारपण हे आत शिरण्याचे दार असते. मरणाऱ्या माणसाला समाज थोडी मोकळीक देतो, आणि त्या मोकळिकीत ना जी यांनी दोन स्त्रियांना एकमेकींचा हात धरू दिला. पुढे काय झाले तेही पाहावे. एप्रिल २०२१ मध्ये एइंद्रा चॉ झिन यांना लष्करी राजवटीने अटक केली, आणि सप्टेंबरमध्ये जर्मनीतील ओल्डेनबर्ग महोत्सवात त्यांना याच चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुरुंगात होत्या. दिग्दर्शक आणि दुसरी नायिका, जे पती-पत्नी आहेत, अटक वॉरंट चुकवत लपून राहत होते.

सांजवेळ

खिडकी यांनी कायद्याचे सांगितले ते खरेच आहे, परंतु समाजाने दिलेली एक जागा दोघांच्याही नजरेतून निसटली. मंडालेजवळ ताउंगब्योन येथे ऑगस्टच्या सुमारास 'नाट' देवतांची मोठी जत्रा भरते. तिथे अंगात आणणारे 'नाट कदॉ', म्हणजे नाटची पत्नी, यांपैकी बरेच जण 'अप्विन' असतात. उघडपणे बायकी राहणाऱ्या पुरुषांना तिथे हा शब्द आहे. लपून राहणारा तो 'अपोन'. को जी चॉ हा दारुडा, जुगारी नाट अंगात आला की नाट कदॉ बाटली तोंडाला लावतो, सिगारेट ओढतो, आणि भक्त त्याच्या कपड्यांना नोटा टाचतात. एरवी त्याच माणसाची टिंगल करणारे लोक त्या वेळी हात जोडून उभे असतात.

जोगत्यांना पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. परडी हातात असेपर्यंत मान, ती खाली ठेवली की काहीच नाही. शिवाय नाटची हाक नाकारली तर माणूस आजारी पडतो, भ्रमिष्ट होतो, असेही मानतात. म्हणजे मनाची तडफड आणि लिंगभावाची ओढ एकाच देवतेच्या स्वाधीन केलेली आहे. लिंडसे मेरिसन यांनी २००१ मध्ये या माणसांवर माहितीपट केला. कथापटांनी मात्र एवढे समृद्ध द्रव्य दाराशी असून त्याला मनापासून हात घातला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

रुपेरी

मला मानसिक आरोग्याबद्दल बोलायचे आहे, कारण या धाग्यात ते मागे पडत आहे. लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते त्या काळातला, १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा आपण केव्हाच मोडीत काढला; म्यानमारमध्ये तो पुढेही चालू राहिला. ज्या कायद्याला माणसाला कोंडण्यापलीकडे फारसे सुचत नाही, त्याच्या छायेत नैराश्याची कथा कोण लिहील?

म्यानमारमधल्या लाशिओत जन्मलेले आणि तैवानमध्ये घडलेले दिग्दर्शक मिडी झी यांनी 'नीना वू' (२०१९) मध्ये एका अभिनेत्रीचे मन आतून ढासळताना दाखवले आहे, आणि त्या मनात मागे सोडलेल्या मैत्रिणीवरचे प्रेमही आहे. इथे मन ढासळते ते चित्रपटव्यवसायातील पुरुषांनी केलेल्या अत्याचाराने, त्या प्रेमाने नव्हे. अबोलींना जो भेद हवा आहे तो हाच. दुर्दैव असे की चित्रपट तैवानचा आहे.

अबोली

रुपेरी, अगदी हेच म्हणायचे होते. खिडकी, कलावंतांनी मोजलेल्या किमतीपुढे मी नतमस्तक आहे, परंतु किंमत मोजली म्हणून मांडणी प्रश्नापलीकडे जात नाही. आजारपणाखेरीज दार नव्हते, हेही मला पटत नाही. यांगून फिल्म स्कूलमधून आलेल्या स्नो ह्निन एइ ह्लाइंग यांच्या 'बर्मीज बटरफ्लाय' (२०११) या लघुमाहितीपटात केशकर्तन करणारा एक तरुण आपले बालपण स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्याला कोणताही असाध्य रोग नाही. तो रोज कामावर जातो.

खिडकी

तो माहितीपट महोत्सवांतून दाखवला गेला. गावच्या थिएटरात तिकीट काढून बसणाऱ्या माणसापर्यंत तो गेला नाही. एइंद्रा चॉ झिन यांच्यासारखी घराघरांत ठाऊक असलेली तारका दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करताना दिसणे, याचे वजन वेगळे आहे. आणि आता तर पुढचे पाऊल कोणी टाकायचे हाच प्रश्न आहे. 'मनी हॅज फोर लेग्ज' या बर्मी चित्रपटाच्या निर्मात्या मा एइंत यांना जून २०२१ मध्ये पकडले आणि पुढे तीन वर्षांची शिक्षा दिली. 'म्यानमार डायरीज' या चित्रपटाला २०२२ मध्ये बर्लिनमध्ये पुरस्कार मिळाला, तेव्हा तो करणाऱ्या दहा तरुण दिग्दर्शकांपैकी एकाचेही नाव जाहीर करता आले नाही. आपण मागता तशी, दोघी सकाळी भाजी निवडत बसल्या आहेत अशी साधी कथा लिहिणारे कोणीतरी त्यांच्यात असेलही. त्या व्यक्तीला श्रेयनामावलीत स्वतःचे नाव घालता येईपर्यंत मी 'वुल्फ'ला मागे ओढणार नाही.