मदत हवी आहे: पल्सची ऊर्जा वाढवली की काचेतली खूण लेन्सकडे सरकते

घणसोलीकर:
महापे एमआयडीसीतल्या युनिटमध्ये १२ मिमी जाड फ्युज्ड सिलिकाच्या ठोकळ्यात आतून खुणा करायच्या आहेत. लेसर १०६४ नॅनोमीटर, १० पिकोसेकंद, १०० किलोहर्ट्झ. बीम ८ मिमी, लेन्स ५० मिमीची, फोकस ६ मिमी खोल. २० मायक्रोज्यूलला खूण जागेवर पडते, ठिपक्याएवढी. ८० ला तिचं टोक ०.१५ मिमी वर येतं आणि ती केसासारखी लांबते. काच सरकवणारी स्टेज तपासली, ठीक आहे. लेन्स तापतेय की काच?

पारसिक:
आधी कमाल शक्ती काढा. १० पिकोसेकंदात ८० मायक्रोज्यूल म्हणजे साधारण ७.५ मेगावॅट. या काचेत, या तरंगलांबीला सेल्फ-फोकसिंगची क्रांतिक शक्ती (जिच्यापुढे बीम आपोआप एकवटतो ती) ४ मेगावॅटच्या आसपास आहे. बीमच्या मध्यावर तीव्रता जास्त, म्हणून तिथला अपवर्तनांक किंचित वाढतो आणि काच स्वतःच लेन्ससारखी वागते. २० ला शक्ती १.९ मेगावॅटच, म्हणून खूण जागेवर. ही मर्यादा शक्तीची आहे, तीव्रतेची नाही. फोकस ढिला करून ती टळत नाही. शिवाय ऊर्जा वाढली की फोकसकडे निमुळत्या होणाऱ्या प्रकाशाच्या शंकूत वरच काच फुटायला लागते, खुणेच्या लांबीतला काही भाग त्यामुळेही आहे.

उष्णतेची शंका अशी फेडा: ऊर्जा ८० च ठेवून पल्स पिकरने (मोजक्याच पल्स पुढे सोडणाऱ्या उपकरणाने) १ किलोहर्ट्झवर या, स्टेज सेकंदाला ५० मिमी चालवा, म्हणजे दर पल्स ५० मायक्रॉन पुढे पडेल. सरासरी शक्ती ८ वॅटवरून ०.०८ वर येते. तरीही खूण सरकली तर उष्णता नाही. मग क्वार्टर-वेव्ह प्लेट लावून ध्रुवण वर्तुळाकार करा. क्रांतिक शक्ती दीडपट होते. सरकणं कमी झालं की केर परिणाम (वर सांगितलेलं, तीव्रतेने अपवर्तनांक वाढणं) पक्का.

कळवा_खाडी:
उपाय दोन. पल्स ३० पिकोसेकंदापर्यंत ताणता आला तर ८० मायक्रोज्यूललाही शक्ती २.५ मेगावॅटच राहते. नाहीतर ०.४ एनएचं (एनए म्हणजे लेन्स प्रकाश किती रुंद कोनातून एकवटते त्याचं माप), लांब वर्किंग डिस्टन्सचं, म्हणजे काचेपासून लांब राहून फोकस करणारं ऑब्जेक्टिव्ह घ्या. फोकस बारीक होतो, म्हणून ५ मायक्रोज्यूलसुद्धा पुरतात. पण ६ मिमी काचेखाली गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न मिळणं) फोकस विस्कटतं, म्हणून काचेच्या जाडीसाठी करेक्शन कॉलर, म्हणजे ते दुरुस्त करणारं फिरतं कडं असलेलंच घ्या. स्टेज १ मिमी हलली की काचेत फोकस सुमारे १.४५ मिमी हलतो, हा गुणक प्रोग्रॅममध्ये घाला.

आणि पावसाळ्यात एसीतली गार लेन्स दमट हवेत उघडू नका. दव सुकल्यावर राहिलेला डाग प्रकाश शोषतो, तापतो, फोकस हलवतो. वरची १ किलोहर्ट्झची चाचणी त्यालाही पकडते.