मदत हवी आहे: एआय नवउद्योगाचे मूल्यांकन कसे पारखावे?

आम्ही रावेर तालुक्यातील सहा केळी उत्पादक आहोत. पानाच्या फोटोवरून केळीवर करपा रोग आहे की सीएमव्ही (विषाणूजन्य रोग) हे सांगणाऱ्या एका एआय नवउद्योगाने आमच्याकडे एकत्रित ३० लाख रुपये मागितले असून, गुंतवणुकीनंतरचे मूल्य १५ कोटी धरल्याने आमचा वाटा जेमतेम २ टक्के होतो. एवढे मूल्य कशावरून, असे विचारल्यावर संस्थापकांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला १५७ अब्ज डॉलर मूल्यांकनावर मिळालेल्या ६.६ अब्ज डॉलरचा दाखला दिला. तो मला गैरलागू वाटतो, कारण व्हेंचर फंड (नवउद्योगांत गुंतवणूक करणारा निधी) अनेक कंपन्यांत पैसे विभागतो आणि बहुतेक बुडाल्या तरी एखादी सारे भरून काढते. आमचा डाव मात्र एकच आहे.

ताळेबंद पाहिला: वार्षिक उत्पन्न ४० लाख, तोटा त्याहून मोठा. करारातील कायदेशीर बाबी सीएंनी तपासल्या आहेत. माझ्या बागेत अ‍ॅपने सीएमव्हीचे पिवळे पट्टे अचूक ओळखले, पण दव असलेल्या पानावर ते तीनदा चुकले. मूळ मॉडेल भाड्याचे असल्याने प्रत्येक फोटोमागे परदेशी कंपनीला पैसे जातात, ही माझी खरी शंका आहे.

रक्कम कर्जाऊ नाही व सात वर्षे अडकली तरी चालेल, त्यामुळे केवळ ‘जोखीम आहे’ या उत्तराचा उपयोग होणार नाही. उत्पन्नाच्या साडेसदतीस पट मूल्य समर्थनीय ठरण्यासाठी प्रति फोटो खर्च, दुसऱ्या हंगामात टिकलेले ग्राहक यांखेरीज कोणते आकडे मागावेत आणि ते किती असल्यास नकार द्यावा?