बाबांना बोलता येत नाहीये, कुठलं अ‍ॅप घेऊ?

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. वडील वय ६७, साडेतीन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाय आता बराच सुधारलाय, काठी घेऊन बाथरूमला जाऊन येतात, पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज आहे, पण काहीही विचारा, एकच शब्द, "मंगळवार". चहा देऊ का, मंगळवार. कुठं दुखतंय, मंगळवार मंगळवार, आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतात. आत्या म्हणते कुठलातरी मंगळवारचा नवस फेडायचा राहिलाय, त्यामुळे आई आता उपास धरतीय. आणि संध्याकाळी आईनं गणपतीची आरती सुरू केली की हेच बाबा तिच्याबरोबर अख्खी आरती म्हणतात, शब्दासकट! भाऊ म्हणतो आरती येते मग पाणी म्हणायला काय होतंय, मुद्दाम करतात.
मी १४ हजाराचा टॅब आणला, मराठीत टाइप केलं की तो वाचून दाखवतो. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते, अक्षर मोत्यासारखं, म्हटलं डाव्या हातानं टाइप करतील. पंधरा मिनिटं बसून "ककपम" झालं आणि टॅब पालथा घातला. यापेक्षा चांगलं अ‍ॅप कुठलं? पैशाचं बघू काय ते.

घरचा_बटवा
वेखंड उगाळून मधातून जिभेला लावा रोज सकाळी. आमच्या आजोबांना गुण आला होता.

वाचा_वर्ग
मी स्पीच थेरपिस्ट आहे, पंधरा वर्षं हेच काम करतेय. वेखंड जिभेला लावून काय होणार, बाबांच्या जिभेला काही झालेलंच नाही ना, आरती म्हणतायत की! आणि तुमच्या भावाला आधी हे वाचायला द्या, मुद्दाम कोणी करत नाही. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर अफेझिया लिहिलं असेल बघा. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, म्हणून उजवा हात आणि बोलणं बरेचदा एकदमच जातं. आरती, आकडे, वार, शिव्या (हो, शिव्या पण!) हे वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असतं, ते आपोआप येतं. पाणी मागायला मात्र तो शब्द शोधून काढावा लागतो, आणि नेमकं तेच अडलंय. मंगळवारला काहीही अर्थ नाही, आईंना उपास सोडायला सांगा. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी ज्या पेशंटवरून हे सगळं मांडलं तो फक्त "टॅन" एवढंच म्हणायचा, हॉस्पिटलात त्याचं नावच टॅन पडलेलं.
आता टॅबचं. वाचाघातात बोलणं जातं तसं बहुतेकदा लिहिणंही जातं, कारण दोन्हीला तीच भाषा लागते. मोत्यासारखं अक्षर असलेल्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तेव्हा त्याला काय वाटत असेल विचार करा, टॅब पालथा घातला हे कमीच केलं. अ‍ॅप नंतर. आधी हो आणि नाही पक्कं करून घ्या, कारण वाचाघातात माणूस कधीकधी मान हलवून हो म्हणतो आणि मनात नाही असतं. मुद्दाम खोटं विचारून बघा, "आपण नागपूरला राहतो का?" मान चुकत असेल तर अंगठा वर आणि खाली, नाहीतर कागदावर बरोबर आणि फुलीची खूण, ज्यावर चुकणार नाहीत ते धरा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. मग एक दोनशेपानी वही घ्या. त्यात त्यांचेच फोटो लावा, बाग, मोटर, तुमची आई, नातवंडं, नेहमीचा चहाचा कप. नेटवरची कार्टून नकोत. बोलता बोलता कागदावर दोन तीन शब्द मोठ्या अक्षरात लिहा आणि बोट ठेवायला सांगा, लिहिता न येणाऱ्या बऱ्याच जणांना ओळखीचा शब्द वाचता येतो. वही त्यांच्या डाव्या हाताला धरा, अशा झटक्यात कधीकधी उजवीकडचं दिसतच नाही. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. हे नातेवाइकांना सगळ्यात जड जातं.

चष्मेवाली_पुणे
आमच्याकडे बरोबर उलटं होतं. मिस्टरांना मोटर न्यूरॉन आजार, हात पाय जीभ सगळं गेलं, पण भाषा शेवटपर्यंत शाबूत, त्यामुळे आमचं सगळं अक्षरांवर चालायचं. इंग्रजी तक्ता करून बघितला, हे त्या अवस्थेतही वैतागले, मग लक्षात आलं आपली मुळाक्षरं किती सोयीची आहेत, क ची ओळ, च ची ओळ, ट, त, प. मी ओळ म्हणायची, त्यांनी डोळे वर केले की ती ओळ, मग प फ ब भ. काना मात्रा सोडूनच दिल्या, "पठ खजतय" एवढ्यावर मला कळायचं. अँड्रॉइड १२ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर भुवया उचलून किंवा हसून बटण दाबल्यासारखं करता येतं, तेही भाच्यानं लावून दिलं होतं, दिवसा बरं चालायचं पण रात्री दिवा लावावा लागायचा, म्हणून तक्ताच खरा. फोनच्या बोलणाऱ्या आवाजाचं म्हणाल तर तो "जरा" मधला ज हिंदीसारखा काढायचा, यांना हसू फुटायचं.
कोणाच्या घरी हा आजार नुकताच कळला असेल तर आवाज आहे तोवर त्यांची रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. "अगं ऐकतेस का" एवढं जरी असलं तरी. आम्ही उशीर केला.

तिसरी_घंटा
माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे (लहानपणापासून मेंदूमुळे हालचाल आणि बोलणं अवघड), तो जेलो नावाचं अ‍ॅप वापरतो. फुकट आहे, आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये (डिझाइन विभागात) बनलंय आणि मराठीत बोलतं. चित्र दाबायचं आणि बाजूला आवडतं, नको, अजून अशी बटणं, तेच बटण दोनदा दाबलं की "खूप आवडतं". लेकाला पहिल्या आठवड्यात "नको" सापडलं आणि महिनाभर आमची दुधी भोपळ्याची भाजी बंद झाली 😄 पण खरं सांगू, चित्रं मुलांसाठीची आहेत, सेक्रेटरी काकांच्या हातात दिलं तर अपमान वाटेल. चेन्नईचं आवाज म्हणून एक अ‍ॅप आहे, त्यात स्वतःचे फोटो टाकता येतात, वही जमली की ते बघा.

द्राक्षबाग_तासगाव
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. मान चुकते हे खरं निघालं, नागपूरला राहतो म्हणाले! अंगठा मात्र बरोबर. वही केली, बागेचे सोळा फोटो लावले. परवा सकाळपासून मंगळवार मंगळवार चाललेलं, वही पुढं केली तर बागेच्या फोटोवर बोट आपटायला लागले. मी कागदावर लिहिलं, पाणी, छाटणी, औषध. औषधावर बोट. भाऊ बागेत जाऊन आला तर खालच्या चार ओळींत पानांवर डाऊनीचे (द्राक्षावरच्या बुरशी रोगाचे) डाग, त्या ओळींना फवारणीच झाली नव्हती, बाबांना ते व्हरांड्यातून दिसलेलं. तेव्हापासून भाऊ त्यांना विचारल्याशिवाय फवारणी ठरवत नाही. आईनं उपास काही सोडला नाही, असू दे म्हणते.
एक अडचण आहे. काल रात्री सगळी वही उलटून झाली, कशावरच बोट नाही, आणि शेवटी रडले. काय म्हणायचं होतं ते अजून कळलं नाही. असं झालं तर काय करायचं?

वाचा_वर्ग
प्रत्येक पानावर डाव्या कोपऱ्यात एक चौकोन काढा, "यात नाही". रंग वेगळा द्या. त्यावर बोट आलं की पानं उलटत बसू नका, मोठ्या गोष्टींवरून विचारत या, माणूस का, वस्तू का, दुखतंय का, आजचं का जुनं, प्रत्येकाला अंगठा. नाहीच कळलं तर तसं स्पष्ट सांगा, "बाबा, मला कळलं नाही, उद्या परत बघू", आणि खरंच दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः विचारा.